दहा क्विंटलचं कार्ड

घरात जुना गेमिंग कॉम्प्युटर असला की उन्हाळा लागल्याचं कळायला पंचांग लागत नाही. मार्चअखेरीस त्याचा पंखा घसा साफ करू लागतो, एप्रिलमध्ये गुरगुरतो आणि मे महिन्यात, गोंदियाचा पारा 44-45 ला टेकला की, सरळ गर्जना करतो. आमच्या घरामागे खरोखरची राईस मिल आहे. मुक्कामाला आलेले पाहुणे रात्री विचारतात, "मिल रात्रपाळीलाही चालते का जी?" बायको शांतपणे सांगते, "मिल केव्हाच बंद झाली. आमचे हे गाडी पळवत आहेत."

हा कॉम्प्युटर 2015 सालचा. जीटीए-फाइव्ह त्याच वर्षी एप्रिलमध्ये पीसीवर आला होता आणि गावातल्या बऱ्याच शहाण्या माणसांनी त्या वर्षी असेच खर्च केले होते. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह 4460, एच-81 बोर्ड, डीडीआर-थ्री रॅमच्या चार-चार जीबीच्या दोन स्टिक, एनव्हिडियाचं जीटीएक्स 750 टीआय कार्ड, एक टेराबाइटची हार्डडिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर. तेव्हा हे सगळं ऐकून लोक भुवया उंचावत. आता ऐकून लोक तब्येतीची चौकशी करतात.

त्यात 2025 च्या ऑक्टोबरात एकाच महिन्यात दोन ठिकाणांहून त्याच्या सेवानिवृत्तीची पत्रं आली. 14 तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनचा हात सोडला. विंडोज इलेव्हनला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमची चौथी पिढी चार इयत्ता मागे. आणि त्याच महिन्यात एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल घराण्यातल्या कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर देणं थांबवलं. 2028 पर्यंत सुरक्षेपुरती डागडुजी अधूनमधून मिळत राहील असं सांगितलं आहे. थोडक्यात, नोकरी संपली, पेन्शन चालू. 750 टीआय हे मॅक्सवेल घराण्यातलं थोरलं अपत्य, 2014 च्या फेब्रुवारीतलं. त्याच्या वाट्याला निदान निरोप समारंभ तरी यायला हवा होता.

तर आता बदलायचं काय, हा प्रश्न. सगळं एकदम बदलण्याइतके पैसे नाहीत आणि काहीच न बदलण्याइतकं वैराग्य नाही. मध्यमवर्गाची सगळी नाटकं ह्या दोन टोकांच्या मधेच घडतात.

सल्ला देणारे दोन पंथांचे असतात. पहिला पंथ माझ्या भाच्याचा. तो पुण्यात हिंजवडीला असतो आणि व्हिडिओ कॉलवर कॅबिनेट दाखवलं की डोळे मिटून घेतो. "मामा, ते आता म्युझियमला द्या. सगळं नवीन घ्या. ह्यात काहीही टाकलं तरी पैसे पाण्यात." दुसरा पंथ बाजारातल्या दुकानदाराचा. त्याच्या मते जगात असा एकही आजार नाही जो फॉर्मॅट मारल्याने बरा होत नाही. "होऊन जाते जी. एक फॉर्मॅट मारून देतो, नवा होऊन जाईल." गोंदियातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात भाव हिंदीत सांगितला जातो, घासाघीस मराठीत होते आणि वॉरंटी इंग्रजीत असते, ती इंग्रजीत असल्यामुळे कोणी वाचत नाही आणि सगळ्यांचे संबंध टिकून राहतात.

दोन्ही पंथांत एक गोष्ट समान आहे: आजार कुठे आहे हे दोघंही विचारत नाहीत.

खरं तर ते शोधणं फार अवघड नसतं. खेळ चालू ठेवायचा आणि मागे टास्क मॅनेजर उघडून बघत बसायचं. ग्राफिक्स कार्ड 98-99 टक्क्यांवर घाम गाळत असेल आणि प्रोसेसर आरामात असेल, तर कार्ड कमी पडतंय. उलट प्रोसेसर शंभरावर आणि कार्ड निम्म्यावर टेकून बसलेलं असेल, तर प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाही. आणखी एक सोपी खूण आहे. चित्राचं रिझोल्यूशन कमी करून पाहायचं. खेळ लगेच झपाट्याने पळू लागला तर दुखणं कार्डाचं. काहीच फरक पडला नाही तर प्रोसेसरचं. आणि नवीन गल्लीत गाडी वळवली की खेळ क्षणभर थिजतो, मग समोरची इमारत आधी चिखलासारखी आणि नंतर खिडक्यांसकट दिसते, असं होत असेल तर हार्डडिस्ककडे किंवा रॅमकडे बोट दाखवायला हरकत नाही. कॉम्प्युटरवाले ह्या अडणाऱ्या जागेला बॉटलनेक म्हणतात आणि फार मोठा शोध लावल्यासारखं बोलतात.

गोंदिया जंक्शनच्या माणसाला हे शिकवायची गरज नाही. मुंबई-हावडा ही मोठी लाईन, रुळांतलं अंतर 1676 मिलिमीटर. आणि पूर्वी तिला इथे येऊन मिळणारी सातपुड्याची छोटी लाईन, बालाघाट-नैनपूर करत जबलपूरला जाणारी, रुंदी 762 मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी. डोंगरातून छोट्या डब्यांत उतरलेलं लाकूड असो की धान्य, पुढे जायचं तर ते गोंदियाला उतरवून मोठ्या वाघिणीत भरावंच लागायचं. छोटी गाडी वेळेवर आली काय आणि मोठं इंजिन कितीही दमदार असलं काय, दिवसाला किती माल पुढे सरकायचा ते ठरायचं मधल्या फलाटावर, हमालांच्या पाठीवर. बॉटलनेक आमच्या गावात अनेक दशकं उभा होता. तेव्हा त्याला कोणी इंग्रजी नाव दिलं नाही, एवढंच.

आणि तो काढायला काय लागलं तेही गावाने पाहिलं. नुसतं मोठं इंजिन आणून भागत नाही. रूळ रुंद करायचे म्हणजे पूल बदला, वळणं सोपी करा, बोगदे मोठे करा, स्टेशनं, सिग्नल, डबे सगळं बदला. टप्प्याटप्प्याने ते झालं आणि आता मोठी गाडी थेट जबलपूरला जाते. गंमत अशी की आमची मोठी लाईनसुद्धा जन्मतः मोठी नव्हती. नागपूर-छत्तीसगड रेल्वे आधी मीटर गेजची होती. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली. तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल, आहे त्यावर अजून दोन-चार वर्षं निघाली असती जी.

कॉम्प्युटरच्या आतही तसंच आहे. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम हे एकत्र कुटुंब. एकाला जेवायला बोलावलं की तिघांची पानं मांडावी लागतात. नव्या पिढीचा प्रोसेसर आमच्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये बसत नाही. नवा बोर्ड घ्यावा तर त्यात डीडीआर-थ्री रॅम शिरत नाही. खाचच वेगळ्या ठिकाणी असते, चुकूनही घुसू नये म्हणून. मॉनिटर बदलावा तर तो तिसराच घोळ. माझा मॉनिटर 1366 बाय 768 ठिपक्यांचा, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके. फुल एचडी मॉनिटरवर ते वीस लाख 73 हजार होतात. म्हणजे मॉनिटर नुसता टेबलावर आणून ठेवला की कार्डाचं काम जवळपास दुप्पट. आज जे कार्ड कसंबसं पुरतंय ते त्याच दिवसापासून अपुरं. लहान पडद्यावर समाधानी असलेल्या माणसाला मोठा पडदा विकणं हा ह्या धंद्यातला सर्वांत हुशार डाव आहे.

तरी मन कार्डावरच जाऊन बसतं. सगळ्यांचं तसंच होतं. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचं स्वप्न कोणाला पडत नाही, कार्डाचं पडतं. चोवीस हजारांचं एक कार्ड मी मनाशी पक्कं केलं होतं आणि ते बाबांच्या कानावर गेलं.

बाबा आमगावकडच्या गावात असतात, महिन्यातून एकदा गोंदियाला येतात आणि रुपयांत कधीच हिशेब करत नाहीत. त्यांचं चलन धान. 2025-26 च्या हंगामाला साधारण धानाचा हमीभाव 2369 रुपये क्विंटल. बाबांनी पाटावर बसल्याबसल्या तोंडी भागाकार केला. "दहा क्विंटल. वर तेराएक किलो." नंतर मोबाइलवर करून पाहिला, बरोबर होता.

"अन् त्यानं होते काय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना रे ट्रेसिंग समजावून सांगितलं. 2018 पासून अशी कार्डं निघाली आहेत की खेळातला प्रकाश खऱ्यासारखा वळतो, आरशात माणूस दिसतो, पाण्यात झाडाची सावली हलते.

"पाण्यात झाडाची सावली?"

"हो."

"नवेगावबांधले जाऊन ये ना बापा. एस्टीनं."

तळ्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला पाण्यातलं प्रतिबिंब दहा क्विंटलला विकायला निघालेली कंपनी कितपत टिकेल ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी कार्डाची फाइल बंद झाली नाही, फक्त टेबलावरून कपाटात गेली.

कपाटातून ती कायमची अडगळीत गेली ती एका स्टिकरमुळे. रविवारी दुपारी मी कॅबिनेटचं पत्र्याचं झाकण काढलं. आत जे होतं त्याला धूळ म्हणणं अन्याय होईल. मिलमधून उडणारा भुश्याचा बारीक पिवळसर रवा प्रोसेसरच्या पंख्याखाली असा थापून बसला होता की बोटाने ओढला तर त्याची वडी निघावी. हार्डडिस्कच्या मागे पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफलं होती. पिल्लं बहुधा जीटीए-फाइव्ह लोड होण्याची वाट पाहून निघून गेली. मऊ ब्रश, जुनी बनियन आणि लेकीच्या रंगपेटीतला कुंचला एवढ्या हत्यारांवर तास गेला. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून तिची खपली झाली होती, ती पुसून नवी लावली. पंखा शेवटी खोलीतलीच हवा ओढतो. खोली चाळीसला असेल तर तो काही शिमला आणून देणार नाही. पण हवेला वाट तर मिळायला हवी.

मग खालच्या डब्याकडे, म्हणजे एसएमपीएसकडे वळलो. त्यावर मोठ्या लाल अक्षरांत 450 लिहिलं होतं. अकरा वर्षं मी ते 450 वॉट असं वाचत आलो, आणि ह्या गावातल्या कोणीही तसंच वाचलं असतं. पण त्या आकड्यापुढे वॉटचा डब्ल्यू नव्हता. 450 हे मॉडेलचं नाव होतं. खाली मुंगीच्या अक्षरात तक्ता होता आणि त्यात बारा व्होल्टच्या रकान्यात लिहिलं होतं: 14 अँपिअर.

बारा चोक 168. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही ह्याच बारा व्होल्टवर जगतात. प्रोसेसरचे 84 वॉट, जुन्या कार्डाचे 60, झाले 144. उरलेल्या 24 वॉटांत हार्डडिस्क आणि पंखे. म्हणजे बिचारा 750 टीआय इतकी वर्षं का टिकला त्याचं उत्तर त्या स्टिकरवर होतं: तो कमी खाणारा होता. माझ्या मनातल्या नव्या कार्डाला एकट्याला 115 वॉट लागतात, शिवाय आठ पिनांची वेगळी वायर लागते, जी ह्या डब्यातून निघतच नाही. 84 आणि 115, तिथेच 199. दहा क्विंटलचं कार्ड आणून लावलं असतं तर पाण्यातल्या झाडाची सावली हलण्याआधी अख्खा कॉम्प्युटरच हलला असता. आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला 3300 मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे आणि माझ्या टेबलाखाली 168 वॉटांवर संसार चालला आहे, ह्या विचाराने मी थोडा वेळ स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच बसलो.

रॅमचा प्रश्न त्या मानाने सोपा, पण तोही आता जगाच्या राजकारणात सापडला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना मेमरी इतकी लागते आहे की 2025 च्या शेवटी बाजारात रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनसारख्या मोठ्या कंपनीने डिसेंबरात जाहीर करून टाकलं की तुमच्या-आमच्यासाठी क्रूशियल नावाने विकत होतो तो धंदा आता बंद. कोणीतरी कुठेतरी यंत्राला कविता लिहायला सांगतो आणि गोंदियात नव्या रॅमची स्टिक महागते. आमचा डीडीआर-थ्री मात्र त्या शर्यतीतच नाही. जुन्या मालात तो अजून बऱ्या भावात मिळतो. मागे पडलेल्या माणसाला महागाईची झळ उशिरा लागते, हा फायदा अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

जुन्या कार्डांचंही सुचवून झालं. दुकानदार म्हणाला, नागपूरहून वापरलेलं आणून देतो, स्वस्तात. ह्या वापरलेल्या कार्डांची एक कहाणी आहे. इथेरियम नावाचं आभासी चलन खणायला लोकांनी खोल्या भरभरून कार्डं रात्रंदिवस राबवली, आणि 15 सप्टेंबर 2022 ला त्या चलनाने आपली पद्धतच बदलली. कार्ड लावून खणायचं काम एका दिवसात संपलं आणि त्यातली बरीच कार्डं बाजारात आली. त्यातली काही ठणठणीत असतात, काहींचे पंखे खुळखुळतात. चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. शिवाय माझा अडसर स्वस्त-महागचा नव्हताच, चौदा अँपिअरचा होता.

ह्या सगळ्या संशोधनात एक गोष्ट राहून जाते, ती बायकोने सहज विचारली. "पण तुम्ही खेळता काय?"

मी खेळतो व्हाइस सिटी. आणि एज ऑफ एम्पायर्स-टू. दुसरा 1999 च्या सप्टेंबरातला, म्हणजे त्याच वर्षी मेच्या पहिल्या तारखेला भंडाऱ्यातून वेगळा झालेला आमचा गोंदिया जिल्हा त्याच्याहून पाच महिन्यांनी मोठा. हे दोन्ही खेळ आमच्या ह्या म्हाताऱ्यावर इतके हलके चालतात की पंख्यालाही कळत नाही. मग रात्री मिलसारखा आवाज कसला येतो? तो येतो नवीन खेळांचा. ते मी आठवड्यातून एखाद्या वेळी लावतो, सेटिंगमध्ये जातो, सावल्या कमी करतो, गवत बंद करतो, धुकं काढून टाकतो, कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा 31 वरून 38 वर गेला की समाधानाने खेळ बंद करून झोपतो. माझ्या वयाच्या बहुतेक खेळाडूंचं खरं खेळणं हेच आहे, असा मला दाट संशय आहे. सेटिंगचा पडदा हा आमचा आवडता खेळ, आणि त्याला कुठलंही कार्ड पुरतं.

तरी काहीतरी घ्यायचं हे ठरलेलं होतंच, नाहीतर रविवार वाया गेला असता. मग मी भागांची वाटणी वेगळ्या तऱ्हेने केली. ह्या कॉम्प्युटरबरोबर संपणारे कोण आणि उद्या नवीन घेतला तर त्यात जाऊन नांदणारे कोण? बोर्ड, प्रोसेसर, रॅम हे इथेच संपणार, त्यांच्यावर आता दमडी नाही. एसएमपीएस आणि हार्डडिस्कपेक्षा चपळ अशी एसएसडी पुढच्या घरीही चालतील. म्हणून एक प्रामाणिक एसएमपीएस, ज्याच्या 12 व्होल्टच्या रकान्यात लाजण्यासारखं काही नाही. एक सॅटा एसएसडी, विंडोज आणि दोन-चार खेळांपुरती. जुनी हार्डडिस्क फोटो आणि सिनेमांना. आणि बोर्डावरची सीआर 2032 ची बटण-बॅटरी, कारण ती संपल्यामुळे वीज गेली की घड्याळ भलत्याच सालात जाऊन बसायचं. बँकेचं काम ह्या कॉम्प्युटरवर करणं मी केव्हाच बंद केलं आहे. पेन्शनीतल्या माणसाला तिजोरीच्या किल्ल्या देऊ नयेत.

एसएसडी भाच्याने पुण्याहून पाठवली, गावाकडच्या एका ओळखीच्या मुलासोबत, महाराष्ट्र एक्सप्रेसने. ती गाडी कोल्हापूरहून निघून अख्खा महाराष्ट्र आडवा कापत गोंदियाला येते. कॉम्प्युटर चालू होताना मिनिटभर वाचावं म्हणून डबीएवढी वस्तू रात्रभर आणि वर अर्धा दिवस प्रवास करून आली, आणि आल्यावर खरंच मिनिट वाचलं. खेळातल्या इमारतींना आता पहिल्यापासूनच खिडक्या असतात. फ्रेमचा आकडा मात्र होता तिथेच आहे. एसएसडी तो वाढवत नाही, आणि तसं कोणी सांगत असेल तर दुकान बदला.

पुढच्या खेपेला बाबा आले तेव्हा त्यांनी आधी हिशेब मागितला.

"साडेतीन क्विंटल," मी सांगितलं.

"मंग साडेसहा वाचले." त्यांचा चेहरा उजळला, आणि का उजळला तेही लगेच कळलं. शेतातली तीन एचपीची मोटार पाणी कमी देत होती. पऱ्हे टाकायच्या आधी तिचा निकाल लावायचा होता. मेकॅनिक म्हणत होता, रिवाइंडिंग करून भागणार नाही, सरळ पाच एचपीची घ्या. "तुह्या त्या गणितानं सांग आता. रिवाइंडिंग करू का नवी घेऊ?"

मी विचारलं, व्होल्टेज किती येतं? रात्री बरं असते, दिवसा पडते. पाइप? दोन इंची, मागच्याच साली टाकला. आणि बोअरमध्ये पाणी किती फुटांवर आहे?

बाबा थांबले. "ते तं कोणी पायलं नाही."

"मग आधी दोरीला दगड बांधून सोडू. पाणीच खाली गेलं असेल तर पाच एचपी काय करणार?"

बाबांना ते पटलं, पण मुलाचं एकदम पटल्याचं दाखवायची आमच्याकडे रीत नाही. त्यांनी टेबलाखालच्या डब्याकडे बोट केलं. "ह्याच्यात सोडली होती का दोरी?"

"सोडली ना. चौदा अँपिअरवर टेकली."